कानबाईच्या रोटात अमेरिका

आमच्या गल्लीचा बजरंग संघ दर नागपंचमीला हुतुतू खेळायला धुळ्याला जातो. ढाल आणायला जातो, असं गडी म्हणतात. मी म्हणते, ढाल अजून तिथंच आहे ना, तेवढं बघून येतात. देश स्वतंत्र झाला त्या साली धुळ्यानं आम्हाला हरवलं, आणि मग कधी सोडलंच नाही.

मी शेवंता. संघाचा कप्तान जीवराम माझा नवरा, आणि माझं माहेर धुळ्याचं. म्हणजे हरलो की सासरी ऐकायचं, 'तुझ्याच गावानं केलं,' आणि माहेरी गेलं की तिथंही ऐकायचं, 'का गं, तुमचे गडी खेळायला येतात की दर्शनाला?' एवढं ऐकूनही संघ काही सोडवत नाही. आमच्या घराच्या धाब्यावरून सरावाचं मैदान दिसतं. सबंध जळगावात कुणी वाळवत नसेल इतक्या मिरच्या मी वाळवते, त्या त्यासाठीच. बाईमाणसानं मैदानाच्या कडेला उभं राहायचं नाही, पण मिरच्या राखायला कुणाची ना नसते.

धाब्यावरून खेळ खालच्यापेक्षा जास्त कळतो. हुतुतूत सगळी मदार साखळीवर. समोरचा गडी दम धरून आत येतो, तेव्हा आपल्या गड्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरून त्याच्याभोवती वळायचं आणि त्याला कोंडायचं. उजव्या कोपऱ्यात आमचे हे आणि यांचा धाकटा भाऊ भाईदास. त्या दोघांचा हात सुटत नसे. संघात खेळ म्हणावा असा तेवढाच. बाकीचे सात जण मैदान रिकामं दिसू नये म्हणून.

आणि हरल्यावर? माती ओली होती, पंच धुळ्याचा होता, सकाळी पोहे जड झाले. नाचता येईना अंगण वाकडं. दर वर्षी अंगण वाकडं म्हणजे काय, कधी तरी ते सरळ करा की!

तर बावन्न सालच्या जानेवारीत मतदान झालं. पहिलंच. आम्ही बायकाही गेलो, रांगेत उभ्या राहिलो, बोटाला शाई लावून घेतली. मी मत कुणाला टाकलं ते यांना अजून सांगितलेलं नाही. यांनी विचारून पाहिलं, रागावून पाहिलं, एक दिवस जेवण सोडून पाहिलं. संध्याकाळी परत धरलं.

निकाल लागला आणि पुरुषांचं मोठं नुकसान झालं. भांडायला काही उरलं नाही. चौकात बैलजोडी की झोपडी करत घसे बसवून घेतले होते, ते मोकळे झाले, आणि मोकळा घसा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. दोन महिने कसेबसे काढले. मग त्यांनी अमेरिका शोधून काढली.

गल्लीच्या तोंडाशी रहीमभाईंचं सायकलचं दुकान. तिथं मुंबईचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन येतं. त्यात एकदा एक चित्र आलं, एक हत्ती आणि एक गाढव समोरासमोर उभे. रहीमभाईंनी वाचून सांगितलं की अमेरिकेतही यंदा निवडणूक आहे, तिथं पक्ष दोनच, एकाची खूण हत्ती आणि दुसऱ्याची गाढव. बस्स. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं घोड्याच्या जागी गाढव आलं, एवढाच फरक.

आमच्या यांनी चित्र बघितल्याबरोबर हत्तीला हात जोडले. "हत्ती म्हंजे साक्षात गणपती. आपलं मत हत्तीले."

भाईदासला खरं तर हत्तीच आवडला असता. कोणाला नाही आवडणार? पण धाकट्या भावाला थोरल्यानं निवडलेलं ताट नको असतं, मग त्यात जिलबी का असेना. तो म्हणाला, "दादा, गाढव काय साधं जनावर हाये का? शीतलामातेचं वाहन हाये ते! मातेच्या वाहनाले नावं ठेवतो?"

झालं. अमेरिकेतल्या लोकांना माहीत नसेल, पण त्यांच्या निवडणुकीत गणपती आणि शीतलामाता उभे राहिले, आणि तेही आमच्या गल्लीतून.

"गाढवाच्या मांगे जाऊ नको भाईदास, लाथ बसते," हे म्हणायचे.

"अन् हत्तीच्या मांगे उभं राह्यलं तर डोक्यावर काय पडते, तुले मालूम हाये का?"

रहीमभाईंनी पंक्चर काढता काढता विचारलं, "अरे भई, उन दोनों को जलगाँव मालूम है क्या?" त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शहाण्या माणसाकडे आमच्या गल्लीत लक्ष द्यायची पद्धत नाही.

जेठ सरला, आषाढ लागला, तसा ताप वाढत गेला. हत्तीवाल्यांनी एका मोठ्या सेनापतीला उभं केलं, आयसेनहॉवर नावाच्या. यांना तर आभाळ ठेंगणं झालं. "पाहा! लढाई जिंकलेला गडी हाये. आपल्या संघाले असा कप्तान पाह्यजे!" असं म्हणताना कप्तान आपणच आहोत हे विसरले. भाईदासच्या गाढवाचा तर उमेदवारच ठरलेला नव्हता. कोण उभं राहणार हे तिथल्या लोकांनाही माहीत नाही, आणि हा त्याच्यासाठी चौकात बाह्या सरसावतोय! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. डाळीच्या गिरण्यांच्या गावात राहून या म्हणीचा अर्थ यांना कळू नये, याची मला लाज वाटते.

पण भाईदासकडे एक हुकमाचा पत्ता होता. रेशनचा गहू. तो लालसर अमेरिकन गहू तेव्हा घरोघरी होता, पोळी करावी तर गार झाल्यावर जोड्याला तळवा म्हणून चालेल अशी. भाईदास ताटातली पोळी वर धरून विचारी, "हा गहू कोन्या राजवटीत आला? गाढवाच्या! ज्याचं खाऊ त्याचं गाऊ."

"उसना देला हाये तो, फुकट नाही," हे ओरडत. "आमचा सेनापती आला का चांगला गहू येईन!"

दोघंही तोच चामड्याचा गहू चावत होते. मी आणि माझी जाऊ सुनंदा चुलीपाशी बसून ऐकायचो. सुनंदा भाईदासची बायको, माझ्याहून लहान, हसायला लागली की ठसका लागेपर्यंत हसणारी. ती पदर तोंडात कोंबून म्हणायची, "अक्का, तिकडच्या बायका पन अशाच पोळ्या लाटत ऐकत असतीन का वं?"

तोवर हसू येत होतं. पुढे नाही आलं.

एके दिवशी जेवताना भाईदास बोलून गेला, "सेनापती काय, म्हातारा झाला का कोनीबी कप्तानी सोडत नाही. आपल्याच संघात पाहा ना." तो टोला अमेरिकेला नव्हता. यांचा घास हातातच राहिला. ताट सरकवून उठले, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी मी मिरच्या घेऊन धाब्यावर गेले आणि बघते तर काय! साखळी धरायची वेळ आली, सगळ्यांनी हात धरले, आणि उजव्या कोपऱ्यात या दोघांच्या मध्ये टॉवेल! एक टोक यांच्या मुठीत, एक भाईदासच्या. हाताला हात लागू नये म्हणून. सोवळं पाळणारी बाईही एवढी जपत नसेल. समोरून गडी आला, साखळी वळली, टॉवेलला झोल पडला, आणि गडी त्या झोलाखालून वाकून निघून गेला. आपल्याच संघातला गडी, सरावाचा! मी वरून ओरडणारच होते, पण मिरच्या आठवल्या.

घरी आल्यावर विचारलं, "हा टॉवेल कशाला?"

"तत्त्वाचा प्रश्न हाये. गाढवाचा हात मी धरत नाही."

"कोणाचं तत्त्व? आणि धुळ्याला काय टॉवेल बघून घाबरणार आहेत का?"

"तुले खेळातलं काय कळते?" म्हणाले. मग हळूच बोलले, "यंदा रोट वेगळे करू."

माझ्या हातातली परात खाली पडली.

तुम्ही पुण्या-साताऱ्याकडचे असाल तर तुम्हाला यात पडण्यासारखं काय ते कळणार नाही, म्हणून सांगते. कानबाई ही आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे, लुगडं करून तिला घरात बसवतात. त्या दिवशी जो स्वयंपाक होतो तो म्हणजे रोट. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे एकेक मूठ गहू घ्यायचा, तो सगळा एकत्र करून घरातल्या बायकांनी जात्यावर दळायचा, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. त्या फक्त भाऊबंदांनीच खायच्या. लग्न करून दिलेल्या लेकीलाही तो घास नाही, ती दुसऱ्या घरच्या रोटाची झाली. मूठ पडली तो घरचा, नाही पडली तो परका. आणि भावाभावांचे रोट वेगळे झाले म्हणजे देवी दोन, चूल दोन, अंगणात भिंत. शेत वाटून घेतलेले भाऊ पुन्हा एकत्र आलेले मी बघितलेत. रोट वाटलेले एकत्र आलेले नाही बघितले.

भिंत पडली असती तर हे नि भाईदास मैदानावर, चौकात भेटलेच असते. मी नि सुनंदा कुठं भेटणार? ती लग्न होऊन आली तेव्हा जात्याचा खुंटाही नीट धरता येत नव्हता तिला. माझ्या हातावर हात ठेवून शिकली. तिच्या बाळंतपणात मी, माझ्या दुखण्यात ती. त्या एका टकल्या माणसापायी, हो, पेपरात बघितलाय मी तो सेनापती, चांगला टकला आहे, माझ्या घरात भिंत? मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, खूप रडले.

यांनी तेवढी एक सवलत दिली. म्हणाले, "धुळ्याले जिंकलो तर पाहू. हारलो तर त्या गाढवामुळेच हारू, मग रोट वेगळे."

म्हणजे माझं घर बजरंग संघाच्या भरवशावर! त्याच्यापेक्षा पाण्यावर भिंत बांधलेली बरी.

नागपंचमीला न्यायला मूळ आलं, म्हणून मी दोन वर्षांनी माहेरी गेले होते, तेही आदल्याच रात्री. सामन्याच्या दिवशी माझी वहिनी भिकुबाई मला घेऊन मैदानाशेजारच्या ओट्यावर बसली. धुळ्याच्या संघात माझे दोघे भाऊ, चिंधा आणि वना. भिकुबाई थोरल्याची, चिंधाची बायको. माहेरच्या ओट्यावर बसून सासरच्या बाजूनं ओरडणारी मी एकटी, त्यामुळे सगळ्या बायका सामना सोडून माझ्याकडेच बघत होत्या.

आमचे गडी उतरले. उजव्या कोपऱ्यात टॉवेल. भिकुबाईनं विचारलं, "वं शेवंता, तुन्हा घरवालाना हातले खरूज व्हयनी का?" सगळा ओटा हसला. मी काय सांगणार होते? अमेरिकेत सेनापती उभा राहिलाय म्हणून आमच्याकडे हात धरत नाहीत, असं?

पंचानं शिट्टी वाजवली, टॉवेल काढून घेतला आणि खांद्यावर टाकला. म्हणाला, खेळात कापड चालत नाही, हात धरा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हात मागे बांधले. धुळ्याचा पहिला गडी हुतुतू करत आत आला तो सरळ त्या कोपऱ्यात. साखळी वळली आणि तो त्या दोघांच्या मधून बाहेर गेला, आपल्या घराच्या दारातून जावं तसा. दुसरा तसाच. तिसऱ्यानं तर मधे थांबून दोघांनाही शिवलं. माझा घसा बसला ओरडून, "धरा हो, हात धरा! नंतर भांडा!" मैदानात एकदाही धरला नाही.

आणि समोरच्या बाजूला चिंधा नि वना. आमचा एकेक गडी आत जाई आणि त्या दोघांच्या साखळीत अडके. हात काय हात होता तो, सोडवता सोडवेना. मी भिकुबाईला म्हटलं, "बघ, भाऊ असावेत तर असे. रोट एक तर हात एक."

भिकुबाई माझ्याकडे बघतच राहिली. "कोना रोट एक? तुले माहीत नही का? गोठानी भीतवरथून भांडण व्हयनं, दोन साल व्हयनात रोट येगळा करी. घरमा एकमेकसनं तोंड भी दखतस नही."

"मग हे काय?"

"हाऊ खेळ शे, बाई. खेळमा साखळी एकच शे."

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. माहेरात रोट वेगळे झाले आणि मला कुणी कळवलंही नाही, ते एक. आणि दुसरं, ज्यांचं खरंखुरं भांडण होतं, भिंतीचं, गोठ्याचं, रोजच्या शेणाचं, ते हात धरून खेळत होते. आणि ज्यांचं भांडण सात समुद्रापलीकडच्या हत्तीचं, ते हात मागे बांधून उभे होते. आमचं भांडणसुद्धा धड आमचं नव्हतं.

किती गुणांनी हरलो ते विचारू नका. धुळेकरांनाही मोजायचा कंटाळा आला होता.

त्याच दिवशी संघाच्या मोटारीत बसून मी जळगावला निघाले, कारण दुसऱ्या दिवशी कानबाई. हे पुढच्या बाकावर, भाईदास शेवटच्या. पारोळा येईपर्यंत पंच खोटा होता. एरंडोलपर्यंत माती वाईट होती. पुढे अमेरिका आली. हे समोर बघत म्हणाले, "गाढव संघात घेतलं का असंच होते." मागून आवाज आला, "हत्ती कप्तान केला का तो जागचा हालत नाही." मधले सात जण झोपेचं सोंग घेऊन बसले. घरात शिरताना यांनी सांगून टाकलं, "उद्या दोन सुपं घे. त्यायचे गहू वेगळे, आपले वेगळे."

बोलण्याची वेळ असते, आणि ती जात्यापाशी असते.

रविवारी सकाळी न्हाऊन, उपाशी, मी आणि सुनंदा जात्याशी बसलो. सुनंदाचे डोळे सुजलेले. तिलाही भाईदासनं तेच सांगितलं होतं. गहू निवडून ठेवलेला, तोच लाल, रेशनचा. देवीनंही यंदा अमेरिकेचंच खायचं होतं. हे दारात येऊन उभे राहिले, मागे जरा अंतरावर भाईदास, वाटणी नीट होते ना बघायला.

मी सूप घेतलं. एकच. पहिली मूठ टाकली. "ही माझ्या पोराची, पुनाची." दुसरी टाकली. "ही सुनंदाच्या बाळाची." आणि थांबले.

"माही?" यांनी विचारलं.

"तुमची कशी टाकू? घरातल्या माणसांच्या मुठी टाकतात. आमच्या घरात सध्या एक हत्ती आहे नि एक गाढव. त्यांना कडबा घालायचा असतो, रोट नाही."

सुनंदा एवढ्या रडण्यातही खुदकन हसली. हे लाल झाले. "शेवंते! मस्करी नाही! पुरुषाबिगर रोट व्हते का?"

"होते की," मी म्हटलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी तिसरी मूठ टाकली. "ही शेवंताबाईची." मग सुनंदाचा हात धरला, गव्हात घातला, तिच्याच हातानं मूठ भरवून सुपात टाकली. "आणि ही सुनंदाबाईची. चार मुठी. दर वर्षी चारच पडतात, बरोबर?"

"बायकायची मूठ? असं कुठी असते का?" भाईदास मागून पुढे आला. कितीतरी दिवसांनी दोघे भाऊ एका बाजूनं बोलत होते.

"जानेवारीत मत मोजलं तेव्हा माझं एक धरलं की अर्धं?" मी विचारलं. "तुमच्या त्या गाढवाच्या हत्तीच्या देशात बायकांचं मत मोजतात की नाही? मोजतात ना? मग इथं मूठ मोजली. जातं आम्ही ओढायचं, उपास आमचा, चटके आमचे, आणि मुठी तुमच्या? यंदा नाही. ज्याची मूठ नाही तो भाऊबंद नाही, हे तुम्हीच शिकवलंत. व्हा बाजूला, पीठ सांडेल."

आणि जात्याचा खुंटा धरला. सुनंदाचा हात माझ्या हातावर. पहिली ओवी मी नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटली, रागानं की भीतीनं ते मलाही कळलं नाही. देवीपुढं एवढं धाडस कधी केलं नव्हतं. पण पीठ बारीक पडलं. एकदा दळलेलं पीठ कुणाचं किती ते कोण सांगणार?

दिवसभर दोघे ओट्यावर बसून होते. हे एका टोकाला, भाईदास दुसऱ्या. आतून पुरणाचा वास जात होता, तो मी मुद्दाम खिडकी उघडून जाऊ देत होते. संध्याकाळी गल्ली कानबाईच्या दर्शनाला येणार, आणि घरचे दोन कर्ते पुरुष बाहेर बसलेले दिसणार, ही काळजी दोघांच्या तोंडावर दिसत होती. इज्जतीचा प्रश्न हत्तीपेक्षा मोठा.

दिवेलागणीच्या आधी रहीमभाई पेपर घेऊन आले. जुना होता, पण त्यात चित्र होतं, म्हणून दाखवायला आणलेला. हत्तीवाल्यांच्या सभेचं. तिकिटासाठी सेनापतीशी महिनोन्महिने भांडलेला आणि शेवटी हरलेला त्याच्याच पक्षातला माणूस सेनापतीच्या शेजारी उभा, दोघंही दात काढून हसत.

"ये देखो जीवरामभाऊ," रहीमभाई म्हणाले. "कल तक एक-दूसरे की ऐसी-तैसी कर रहे थे. आज देखो, फोटू निकाल रहे हैं."

यांनी चित्र बघितलं. मग भाईदासकडे न बघता पेपर त्याच्याकडे सरकवला. भाईदासनंही बघितला आणि विचारलं, "आमच्या गाढवाकडून कोन उभं राह्यलं, रहीमभाई?"

"मालूम नहीं. इसमें नहीं आया."

आतून मी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. अजून नवरदेव ठरला नव्हता आणि याची वरात माझ्या दारात येऊन गेली होती.

शेवटी भूक जिंकली. भुकेला पक्ष नसतो. हे उठले, रांजणातून तांब्या भरला आणि भाईदाससमोर उभे राहिले. "हात पुढे कर," म्हणाले. भाईदासनं केला. यांनी पाणी घातलं. मग भाईदासनं तांब्या घेतला आणि यांच्या हातावर घातलं. टॉवेल एकच होता, तोच, धुळ्याहून परत आलेला. दोघांनी त्यालाच हात पुसले.

दोघे आत येऊन उभे राहिले, आमच्या चार मुठींच्या रोटासमोर. मी म्हटलं, "एका ताटात वाढीन. दोन ताटं नाहीत." बसले. घास घेण्याआधी यांनी देवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पोळीवर तूप वाढलं. राग होताच, पण कानबाईच्या दिवशी कोरडी पोळी वाढायची म्हणजे माझाच कमीपणा.

पोळी चामड्यासारखी झाली होती. दोघांनीही तक्रार केली नाही.

पुढचं थोडक्यात. गाढवाला उमेदवार मिळाला, एक वकील, तोही टकलाच. कार्तिकात निकाल आला, सेनापती निवडून आला. आम्हाला वाटलं आता हे गल्लीत पेढे वाटतात. पण यांनी पेपर गुंडाळून ठेवला आणि भाईदासला म्हणाले, "चाल, सरावाले." मी मिरच्या घेऊन वर गेले. साखळी बघितली. हात धरला होता. सैल होता, पण धरला होता. गव्हाचं म्हणाल तर सेनापती आला तरी चार महिने तोच लाल येत होता.

आता पुन्हा श्रावण आलाय. नागपंचमी शुक्रवारी, धुळ्याचा सामना त्याच दिवशी. मी यंदा माहेरी जाणार नाही, चिंधा नि वना दोघांनाही निरोप धाडलाय की एका घरी रोट होईल तेव्हा बोलवा. काल मी आणि सुनंदा कानबाईचे गहू निवडत बसलो होतो. माझी मूठ, तिची मूठ, पोरांच्या मुठी, असं बोलणं चाललं होतं. हे मागून आले, घुटमळले, घसा खाकरला. त्यांच्या मागे भाईदासही होता.

"शेवंता," हे म्हणाले, अगदी हळू, "यंदा आमची मूठ पडीन का?"

मी गव्हातला खडा काढून बाजूला टाकला.

"आधी धुळ्याला जाऊन या," मी म्हटलं. "साखळी कशी धरता ते कळू द्या. मग बघू."